यजमानाघरचा मुक्काम

भोपाळच्या नेहरू नगरात टेकडीवर भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. जंगल कसे मोजायचे, कसे राखायचे, त्याचा हिशेब कसा ठेवायचा, हे तिथे शिकवतात. त्याच अंगाला कोटरा सुलतानाबादची वस्ती लागते. तिथल्या काही घरांत जंगल मोजत नाहीत, रंगवतात. दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढ आणि आसपासच्या गावांतून गेल्या चाळीस वर्षांत आलेले परधान गोंड चित्रकार या भागात राहतात. जमिनीवर कॅनव्हास पसरलेला, एकाने बाह्यरेषा ओढलेली, दुसरा तिच्या पोटात ठिपके भरतो आहे, अशी इथली कामाची रीत. या बिरादरीतली माणसे लंडन, पॅरिस, जपानला जाऊन, राहून, चित्रे काढून परत आली आहेत. एक परत आला नाही.

परदेशातल्या रेसिडेन्सीने, म्हणजे बोलावण्यावरून तिथे राहून काम करण्याच्या मुक्कामाने, चित्रकाराचे काय होते, याची आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. कलाशाळेत शिकलेला गेला तर ‘दृष्टी विस्तारली’. आदिवासी गेला तर ‘अस्सलपणा गेला’. दोन्ही उत्तरे चित्र न बघता देता येतात, हाच त्यांचा दोष. परधानांच्याच परंपरेत या प्रश्नाकडे बघण्याची एक बरी जागा आहे.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांना परधान नवे नाहीत. ते गोंडांचे गायक, वंशावळी सांगणारे. बाना हे तंतुवाद्य घेऊन परधान ठरावीक वर्षांनी आपल्या गोंड यजमानांच्या दारी जायचा, बडादेवाला, म्हणजे गोंडांच्या थोरल्या देवाला, जागवायचा, घराण्याची गाथा गायचा आणि धान्य, कापड, कधी जनावर घेऊन घरी परतायचा. म्हणजे प्रवास, परक्या घरचा मुक्काम आणि मोबदला हे सगळे या कलेच्या मुळातच आहे. मराठीत ‘यजमान’ म्हणजे पाहुण्याचे आदरातिथ्य करणारा. परधानाच्या लेखी यजमान त्याहून मोठा, कारण त्याच्याबद्दल गायचे असते. पण गाणे परधानाचे असते. काय गायचे, कुठे थांबायचे, हे तो ठरवतो. रेसिडेन्सीची पारख याच कसोटीवर करावी असे मला वाटते: यजमानाघरी गाणे कोणाचे होते?

या चित्रकारांची पहिली रेसिडेन्सी परदेशात झाली नाही, भोपाळमध्येच झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जगदीश स्वामीनाथन भारत भवन या कलाकेंद्राच्या ‘रूपंकर’ संग्रहालयाची उभारणी करत होते. त्यांनी तरुण चित्रकारांना खेड्यापाड्यांत पाठवले. पाटनगढमध्ये या तरुणांना एका भिंतीवरचे चित्र दिसले. ते काढणारा विशीच्या आसपासचा जनगढसिंह श्याम भोपाळला आला. १३ फेब्रुवारी १९८२ला भारत भवनचे उद्घाटन झाले आणि जनगढ तिथल्या ग्राफिक विभागात काम करू लागले. गावात घर सजवण्याची, भिंती-अंगण रंगवण्याची रीत होती, पण परधान पुरुषाचा पेशा गाण्याचा. कागद, शाई, पोस्टर रंग आणि सिल्कस्क्रीन मिळाल्यावर गाण्यातले देव पहिल्यांदाच अंगाने उभे राहिले. ज्याला आज आपण ‘प्राचीन गोंड शैली’ म्हणून दिवाणखान्यात लावतो, ती या अर्थाने भारत भवनच्या इमारतीच्याच वयाची आहे. तिला ‘जनगढ कलम’ म्हणतात ते योग्यच. मग अस्सलपणा परदेशात हरवला, या तक्रारीला आधार कुठला? ही शैली जन्मली तीच मुक्कामाच्या ठिकाणी.

१९८९मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातल्या ‘मॅजिसियन्स द ला तेर’ या प्रदर्शनात जनगढ पोहोचले. तोवर पाटनगढची भाचे-पुतणे मंडळी त्यांच्या भोपाळच्या घरी येऊन राहू लागली होती. त्यांतले एक भज्जू श्याम. भोपाळला आल्यावर त्यांनी रात्रीची पहारेदारी केली, विजेची कामे केली, मग काकांच्या चित्रांत बारीक भरण करू लागले. २००२मध्ये त्यांना आणि रामसिंह उर्वेती यांना लंडनला बोलावणे आले. काम होते इझलिंग्टनमधल्या ‘मसाला झोन’ या भारतीय रेस्तराँच्या भिंती रंगवण्याचे. मुक्काम जेमतेम दोन महिन्यांचा. सांगण्यासारखी गोष्ट भिंतींवर घडली नाही. ती परतल्यावर तारा बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या गीता वुल्फ आणि सिरीष राव यांच्याशी झालेल्या बोलण्यातून, २००४च्या ‘द लंडन जंगल बुक’मध्ये घडली.

या पुस्तकात विमान म्हणजे उडणारा हत्ती, कारण एवढे जड धूड उडते हा चमत्कारच. भुयारी रेल्वे म्हणजे जमिनीखालच्या जगाचा धनी असलेला गांडूळ. रोज ठरल्या जागी नेणारी ३० क्रमांकाची बस म्हणजे इमानी कुत्रा. संध्याकाळ झाली की पबकडे निघणारे इंग्रज म्हणजे वटवाघळे. आणि बिग बेनच्या मनोऱ्यात कोंबडा बसलेला: लंडनचे घड्याळ आणि गावचे घड्याळ एकाच देहात. यात लंडनची शैली कुठेच नाही, रेघ पाटनगढची, भरण पाटनगढचे. बदलली ती रूपकाची मागणी. बडादेवाचे चित्र काढताना परधानाला उपमा शोधावी लागत नाही, ती गाण्यातून येते. भुयारी रेल्वेवर कोणाचे गाणे नव्हते, ते भज्जूंना रचावे लागले. यजमान बदलला, पण परधानाने परधानाचेच काम केले: ज्याच्या घरी राहिला त्याची गाथा सांगितली. किपलिंगने मध्य प्रांताच्या जंगलाची गोष्ट इंग्रजांना सांगितली होती. इथे मंडला-दिंडोरीच्या माणसाने इंग्रजांच्या जंगलाची गोष्ट त्यांनाच ऐकवली.

मिथिलेच्या गंगादेवींनी हे आधी करून दाखवले होते. १९८५च्या भारत महोत्सवासाठी अमेरिकेला गेलेल्या या चित्रकर्तीने रोलरकोस्टर आणि वॉशिंग्टनचे स्मारक कोहबराच्या, म्हणजे मिथिलेतल्या लग्नघराच्या भित्तिचित्राच्या, रेषेत बांधले. तिथेही परकी गोष्ट आली ती विषय म्हणून.

जुन्या मंडला जिल्ह्याने आणखी एक प्रवासी दिला, सय्यद हैदर रझा. नागपूरच्या कलाशाळेत आणि मग जे. जे.मध्ये शिकलेले रझा १९५०मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि साठ वर्षे तिथे राहिले. लहानपणी शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर दाखवलेला बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी यायला १९८०चे दशक उजाडावे लागले. तीस वर्षे! नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांना १९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क मिळाले, पण त्यांची शांतता तिथली देणगी नव्हे. ती वाट त्यांनी आधीच धरली होती. या दोघांकडे कलाशाळेचे शिक्षण होते, इंग्रजी होती, एकट्याने स्टुडिओत बसण्याची सवय होती. रेसिडेन्सी नावाची चीज अशाच माणसासाठी बेतलेली आहे: एक माणूस, एक खोली, एक सही.

परधान चित्रकाराचे काम या साच्यात बसत नाही, आणि समीक्षेने सर्वांत कमी लक्ष दिलेली बाजू हीच. कोटऱ्यातल्या घरात चित्र पुष्कळदा सगळे घर मिळून पुरे करते. बायको, मुले, पुतणे भरण करतात, गप्पा चालू असतात, कथा बोलता बोलता चित्रात शिरते. परदेशातल्या खोलीत यातले काहीच नसते. हात एकटा, भाषा बंद, आणि समोर मोजून द्यायची चित्रे.

जपानमधल्या निगाता प्रांतातल्या तोकामाची इथे तोकियो हासेगावा यांनी १९८२मध्ये मिथिला संग्रहालय उभे केले. मिथिला, गोंड, वारली चित्रांचा मोठा संग्रह तिथे आहे आणि भारतातले चित्रकार तिथे राहून काम करत आले. जनगढ जपानला गेले असताना भोपाळमध्ये मुलगी झाली, म्हणून तिचे नाव जपानी ठेवले. आज जपानी श्याम स्वतः नावाजलेली चित्रकर्ती आहे. जुलै २००१मध्ये याच संग्रहालयात मुक्कामाला असताना जनगढ यांनी आपले आयुष्य संपवले. वय चाळिशीच्या आत. त्यांना घरी परतायचे होते, असे त्यांच्या पत्रांवरून पुढे आले. भारतातल्या चित्रकारांनी, लेखकांनी चौकशीची मागणी केली, कामाच्या अटींवर प्रश्न उभे केले. एका माणसाच्या मृत्यूचे कारण समीक्षेने ठरवू नये. पण परधानाच्या रीतीत जाण्याइतकेच परतणेही यजमानीचा भाग आहे, एवढे म्हणायला समीक्षा बांधील आहे.

जनगढ यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी चित्र काय दिसते? बोलावणी वाढली, पद्मश्री आल्या: भज्जू श्याम (२०१८), दुर्गाबाई व्याम (२०२२). पण बहुतेक मुक्काम काही आठवड्यांचे, आणि यजमानाला हवे असते ते आधीच माहीत असलेले: शिंगांचे झाड झालेले हरीण, मोर, पुन्हा हरीण. चित्रकाराला प्रात्यक्षिक दाखवायला बसवतात. तो तिथले काही बघेल, त्यावर काही म्हणेल, ही अपेक्षाच नसते. अशा मुक्कामातून पैसा येतो, तो यावाच. चित्र मात्र हलत नाही. ते हलायचे तर घरातले दुसरे कोणी बरोबर हवे, भाषेचा सोबती हवा, लेखी करार हवा आणि परतीची तारीख चित्रकाराच्या हातात हवी. चित्रांची संख्या करारात नसली तर आणखी बरे.

लंडनहून परतलेल्या भज्जू आणि उर्वेती यांनी दुर्गाबाईंबरोबर २००६मध्ये ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ केले. त्यात काळ्या कागदावर रात्रीची झाडे आहेत, बिग बेन कुठेच नाही. पुढे भज्जूंनी कोदाइ मात्सुओका या जपानी छायाचित्रकाराबरोबर पाटनगढवरच पुस्तक केले. त्यात भिंत कशी लिंपतात, अंगण कसे रेखतात, हे जन्मल्यापासून बघितलेले सगळे ते नव्याने, नीट, पाहुण्याच्या कुतूहलाने दाखवतात. लंडनला जाऊन आलेल्या माणसाला आता आपले गावही यजमानासारखे दिसते.