‘सोलो’ अल्बम नेमका कुणाचा? लॉरिन हिलच्या निमित्ताने

पुस्तक हातात आलं की आधी ऋणनिर्देश वाचा, असं मी पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना नेहमी सांगते. कुणाचे आभार मानलेत आणि कुणाचे नाहीत, यावरून बरंच कळतं. आज हीच सवय एका हिप-हॉप अल्बमवर वापरून बघूया: ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’.

आधी थोडी माहिती. ‘फ्युजीस’ या तिघांच्या गटाचा ‘द स्कोअर’ १९९६ मध्ये तुफान चालला. त्यातली रॅपर-गायिका लॉरिन हिल हिने ऑगस्ट १९९८ मध्ये हा पहिला सोलो अल्बम काढला. १९९९ मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळाले, त्यात ‘अल्बम ऑफ द इयर’ही होता. हिप-हॉपला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता.

आता शीर्षक बघा. ते इतिहासकार कार्टर वुडसन यांच्या १९३३ च्या ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो’ या पुस्तकाची आठवण करून देतं. अमेरिकेतलं शिक्षण कृष्णवर्णीयांना स्वतःलाच कमी लेखायला शिकवतं, हा वुडसन यांचा मुद्दा. हिल तो सरळ मांडत नाही. अल्बम सुरू होतो वर्गातल्या हजेरीने. शिक्षक तिचं नाव पुकारतात, उत्तर येत नाही. पुढे गाण्यांच्या मधेमधे हा वर्ग सुरूच राहतो, मुलं प्रेमाबद्दल बोलत राहतात आणि गैरहजर मुलगी गाण्यांतून तोच धडा बाहेर शिकत असते. कल्पना सुरेख आहे. काही ठिकाणी वर्ग जरा लांबतो, पण ते असो.

‘एक्स-फॅक्टर’ मात्र नीट ऐका. वु-टँग क्लॅनने १९९३ मध्ये ग्लॅडिस नाइटच्या जुन्या गाण्याचा तुकडा वापरला. हिलने वु-टँगच्या त्या गाण्यातून घेतलं. २०१८ मध्ये ड्रेकने हिलमधून घेतलं. लिटरेचर रिव्ह्यूत आपण दुसरं काय करतो? फरक इतकाच की इथे संदर्भ कानाला ऐकू येतो.

आणि मग येतो श्रेयाचा प्रश्न. अल्बमवर लेखन आणि निर्मितीचं मुख्य श्रेय हिलचं आहे. ‘न्यू आर्क’ या संगीतकारांच्या गटाने १९९८ मध्येच दावा ठोकला की बऱ्याच गाण्यांच्या लेखनात आणि निर्मितीत आमचा वाटा आहे, तो नीट दाखवलेला नाही. २००१ मध्ये प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं.

इथे घाई करू नका. तडजोड म्हणजे निकाल नव्हे. ‘हिलने श्रेय लाटलं हे सिद्ध झालं’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत, तर व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येईल. उलट बाजूही बघा: हिप-हॉपमध्ये बाई प्रोड्युसर आहे म्हटलं की ‘खरं काम कुणी केलं?’ हा प्रश्न लगेच येतो, पुरुषांच्या बाबतीत तो इतक्या सहज येत नाही. पण तेवढ्याने न्यू आर्कची तक्रार खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि मला तरी त्यातली एक सोडून देता येत नाही.

मग आपण काय ठामपणे म्हणू शकतो? जे ऐकू येतं ते. ‘लॉस्ट वन्स’मधला तिचा फ्लो, शब्दांवरचा तो धारदार ताबा, रॅप करता करता गाण्यात शिरणं आणि सांधा न दिसणं. हे तिचं आहे, त्यासाठी कोर्टाचा कागद लागत नाही. एखादी बीट खोलीत आधी कुणी वाजवली, हे मात्र कितीही वेळा ऐकून कळणार नाही.

अजून एक युक्तिवाद तुम्हाला भेटेल: तिने त्यानंतर दुसरा स्टुडिओ अल्बम काढलाच नाही, म्हणजे पहिला तिचा नव्हताच. हा पुरावा नाही. न लिहिण्याची कारणं शंभर असतात, थीसिस अडकलेल्या कुठल्याही सीनियरला विचारा. त्यापेक्षा २००२ चा ‘एमटीव्ही अनप्लग्ड नं. २.०’ लावा. ती लाइव्ह मैफल आहे. त्यात फक्त ती, एक गिटार, मधेच बसणारा आवाज आणि गाण्यांमधल्या लांबलचक गप्पा. पुष्कळ समीक्षकांनी तो झोडपला. दोन्ही अल्बम एकाच दिवशी ऐका आणि काय-काय कमी झालंय त्याच्या नोंदी काढा.