नगरचे रणगाडे आणि नगरची तोफ

वस्तुसंग्रहालयाची परीक्षा त्यात काय ठेविले आहे यावरून होते. तशीच त्या गावच्या कोणत्या वस्तू अन्यत्र गेल्या यावरूनही ती व्हावयास हवी. अहमदनगर येथील (२०२४ पासून अहिल्यानगर) रणगाडा-संग्रहालयाचा विचार करताना हा निकष विशेष उपयोगी पडतो. चिलखती दलाच्या येथील केंद्र व विद्यालयाने १९९४ मध्ये ते उभारले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश व जपानी वाहने, आवडीच्या कारखान्यातील ‘विजयंता’, आणि १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेला अमेरिकी बनावटीचा पॅटन, असा हा सुमारे पन्नास वाहनांचा संग्रह आहे.

संग्रहाचे मोल निःसंशय मोठे आहे. परंतु त्याची दृष्टी शिक्षकाची आहे, इतिहासकाराची नव्हे; रणगाडा येथे यंत्र म्हणून उभा राहतो, प्रसंगाचा साक्षी म्हणून नव्हे. पॅटनचेच पाहा. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे त्याचा पराभव झाला तो काही अधिक जाड पोलादामुळे नव्हे. पाणी सोडलेल्या शेतांतील चिखल, उसाच्या आड दबा धरून बसलेले सेंच्युरियन, आणि अब्दुल हमीद यांनी जीपवरून चालविलेली रिकॉइललेस तोफ यांनी तो घडविला. उसाचे भिजलेले रान म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातील प्रेक्षकाला सांगावे लागू नये! तेच रान वगळल्यावर उरतो तो विजयचिन्हाचा भाग. विजयाचे कारण मात्र हरवते.

नगरच्या स्वतःच्या शस्त्रेतिहासाचे काय? ‘मुलुख-मैदान’ ही प्रचंड तोफ इ. स. १५४९ मध्ये याच नगरात महंमद बिन हसन रूमी याने ओतली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. हुसेन निजामशहाची स्तुती गाणारी सचित्र पोथी ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. जगभरचे लोखंड नगरात आले आणि नगरचे कांस्य नि कागद बाहेर गेले, ही स्थिती विलक्षण खरी. तिचा दोष संग्रहालयावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. मूळ वस्तू परत आणण्याचा आग्रहही आम्ही धरीत नाही. तोफेची प्रतिकृती व तिच्या लेखांचे ठसे पॅटनशेजारी ठेविता येतील. त्या तोफेवर ओतणाऱ्याचे नाव आहे, आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरविलेला लेखही आहे. घडविणारा आणि जिंकणारा दोघेही एकाच धातूवर वाचावयास मिळतात.