‘एनिमी कोस्ट अहेड’ : वीरानें लिहिलेली वीरकथा

पराक्रमी पुरुष स्वतःचा पराक्रम स्वतःच लिहूं लागला म्हणजे त्याच्यापुढें दोन संकटें उभीं राहतात. घडलें तसें सांगावें तर आत्मश्लाघा होते. विनयानें झांकावें तर असत्य होतें. म्हणूनच कीं काय, शौर्य करावें वीरानें आणि गावें शाहिरानें, अशी वांटणी आपल्याकडे रूढ झाली. ब्रिटिश बाँबर-वैमानिक गाय गिबसन यानें मात्र हीं दोन्ही कामें स्वतः केलीं. त्याचें ‘एनिमी कोस्ट अहेड’, म्हणजे ‘पुढें शत्रूचा किनारा’, हें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४६ सालीं प्रसिद्ध झालें. वरील दोन संकटांतून तें कसें पार पडलें, हें पाहण्यासारखें आहे.

गिबसनचा जन्म १९१८ सालीं सिमल्यास झाला; वडील हिंदुस्थानच्या जंगलखात्यांत अधिकारी होते. १९४३ च्या मे महिन्यांत, १६ तारखेच्या रात्रीं, त्याच्या नेतृत्वाखालीं १९ लँकेस्टर विमानें पश्चिम जर्मनींतील धरणें फोडण्यास निघालीं. बार्न्स वॉलिस या शिल्पज्ञानें योजिलेला, पाण्यावर टप्पे घेत जाणारा बाँब अवघ्या ६० फूट उंचीवरून सोडावयाचा होता. उंची अचूक साधावी म्हणून विमानाखालीं दोन दिवे लाविले होते. त्यांचे झोत पाण्यावर एकत्र मिळाले म्हणजे उंची बरोबर. म्योने धरणावर पहिला बाँब गिबसननें टाकला. दुसरा आलेला हॉपगुड तोफांच्या माऱ्यानें कोसळला. तेव्हां पुढील विमानांवरचा मारा आपणांकडे वळावा म्हणून गिबसन त्यांच्या सोबतीनें पुन्हा त्या तोफांसमोर गेला. म्योने व एडर हीं धरणें फुटलीं. ८ विमानें परतलीं नाहींत. १३३ वैमानिकांपैकीं ५३ मेले. गिबसनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४४ च्या सप्टेंबरांत हॉलंडमध्यें विमान कोसळून तो मृत्यु पावला, तेव्हां त्याचें वय २६ वर्षांचें होतें.

पुस्तकाचा आरंभ त्याच चांदण्या रात्रीं विमानांत होतो. तेथून लेखक १९३९ कडे वळतो व अखेरीस पुन्हा त्या रात्रीशीं येतो. ही मांडणी केवळ उत्कंठेसाठीं नाहीं. मधल्या प्रकरणांत एकामागून एक सोबती नाहींसे होतात, आणि वाचक धरणापाशीं परत पोंचतो तेव्हां या वैमानिकानें काय गमावलें आहे हें त्यास ठाऊक असतें. युद्धाच्या पहिल्याच उड्डाणापूर्वीं झालेली आपली भेदरलेली अवस्था गिबसन उघड सांगतो. भीति कबूल केल्यामुळें त्याच्या धैर्यावर आपला विश्वास बसतो, व आत्मश्लाघेचें संकट येथेंच टळतें.

दोषही आहेत. भाषा छावणींतली आहे. थट्टामस्करी व मेजवान्या यांचीं वर्णनें फार झालीं आहेत, आणि हल्ल्यांच्या हकीकती एकसारख्या होऊं लागतात. युद्धनीतीविषयीं तो बोलूं लागला कीं सरकारी पत्रकाचा सूर लागतो.

परंतु खरी कसोटी निराळीच आहे. फुटलेल्या म्योनेखालच्या खोऱ्यांत मोटारी पळत आहेत, पाणी त्यांना गांठीत आहे, आणि त्यांच्या दिव्यांचे रंग पाण्याखालीं पालटत मावळत आहेत, हें दृश्य गिबसननें पाहिलें व लिहून ठेविलें. माणसें बुडतील हें आपल्या ध्यानीं आलें नव्हतें, आणि असा संहार आपणांस रुचला नाहीं, अशी कबुलीही त्यानें दिली. त्या पुरांत सुमारें १,३०० माणसें मेलीं. त्यांत नेहाइम गांवाजवळच्या छावणींत कोंडलेल्या, सोव्हिएत मुलखांतून वेठीनें आणलेल्या शेंकडों स्त्रिया होत्या. ज्या राजवटीशीं गिबसन लढत होता तिच्याच त्या बंदिवान. खालीं कोण आहे हें त्याला वरून दिसणें शक्य नव्हतें.

यामुळें त्याचें शौर्य खोटें ठरतें काय? मला तसें वाटत नाहीं. मात्र त्या शौर्यानें त्या मृत्यूंची भरपाईही होत नाहीं. हे दोन हिशेब वेगळे आहेत, आणि एकांतील जमा दुसऱ्यांतील खर्चीं टाकतां येत नाहीं. १९५५ च्या ‘द डॅम बस्टर्स’ या चित्रपटानें मोहिमेची कीर्ति दूरवर नेली, आणि लोकस्मृतींत धरण राहिलें, खोरें मागें पडलें. पुस्तकांतही आकाशाला प्रकरणें मिळालीं व खोऱ्याला थोड्या ओळी. तरी त्या ओळी तेथें आहेत. स्तुतिगीत रचणाऱ्यानें त्या गाळल्या असत्या. ज्यानें बाँब टाकला त्यानें त्या ठेविल्या. विनयानें झांकण्याचें दुसरें संकट टळलें तें यामुळें. वाचकानें धरणाचें प्रकरण एका दमांत वाचलें तरी चालेल. या ओळींपाशीं मात्र थांबावें.