पैशाचें सोंग

‘सर्व सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं,’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे. जेनी लिव्हिंगस्टन यांचा ‘पॅरिस इज बर्निंग’ हा १९९० सालचा अमेरिकन माहितीपट पाहतांना आम्हांस तिची पदोपदीं आठवण झाली. कारण जें सोंग आणतां येत नाहीं असें आपले वाडवडील सांगत आले, नेमकें तेंच आणण्याची कला न्यूयॉर्कमधील कांहीं निर्धन माणसांनीं कशी साधली, हा या चित्रपटाचा विषय आहे.

नांवांतील ‘पॅरिस’ म्हणजे फ्रान्सची राजधानी नव्हे. पॅरिस डुप्री हे भरवीत असलेल्या ‘बॉल’चें, म्हणजे वेषभूषा व नृत्य यांच्या चढाओढीच्या सोहळ्याचें, तें नांव. हे सोहळे कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशाचे समलिंगी पुरुष आणि पारलिंगी स्त्रिया यांचे. हार्लेम भागांत ही चाल जुनी. हॅमिल्टन लॉजच्या वेषांतर-सोहळ्यांचा आरंभ १८६९ सालीं झाला. परंतु तिला आजचें रूप आलें तें एका निषेधांतून. १९६७ सालच्या एका सौंदर्यस्पर्धेंत गौरवर्णीयांस झुकतें माप मिळतें असा उघड आरोप क्रिस्टल लाबेजा यांनीं केला, आणि १९७२ च्या सुमारास त्यांच्या नांवाचें स्वतंत्र घराणें उभें राहिलें.

‘घराणें’ हा शब्द आम्हीं जाणूनबुजून योजिला आहे. आपल्या गवयांच्या घराण्याप्रमाणें येथेंही विद्या गुरूकडून शिष्याकडे जाते; परंतु आईबापांनीं घराबाहेर काढलेल्या मुलांना येथें आसराही मिळतो, आणि घराण्याच्या प्रमुखास तीं ‘आई’ म्हणतात.

बॉलमधील सर्वांत मर्मभेदक चढाओढ ‘अस्सलपणा’ची. स्पर्धक मोठ्या पेढीचा अधिकारी, शाळकरी मुलगा किंवा सैनिक होऊन येतो. ओळखूं न येण्यांतच त्याचें यश. डोरियन कोरी हे ज्येष्ठ कलावंत शृंगार करतां करतां याचें रहस्य उलगडतात: संधि मिळती तर मीही असा अधिकारी झालों असतों, हें स्पर्धकास दाखवावयाचें असतें. आमच्या वाचकांस येथें बालगंधर्व आठवतील. परंतु त्यांचें सोंग रंगभूमीवर सुरू होऊन तेथेंच संपे, आणि तें सोंग आहे हें ठाऊक असूनच प्रेक्षक टाळ्या देत. हार्लेमच्या नटाची खरी परीक्षा मंडपाबाहेर, रस्त्यावर. तेथें सोंग वठलें तरच तो सुखरूप घरीं पोहोंचतो.

या चित्रपटावर बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेनें कठोर टीका केली. गोऱ्या धनिकांच्या आदर्शांची ही पूजाच आहे, आणि दिग्दर्शिका स्वतः पडद्याआड राहून ती तटस्थ असल्याप्रमाणें दाखविते, असा तिचा आशय. हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाहीं. तथापि हुबेहूब नक्कल ही नेहमीं पूजाच असते, असें आम्हांस वाटत नाहीं. अधिकाऱ्याचा रुबाब जर एका रात्रींत, उसन्या कपड्यांनीं अंगीं आणतां येतो, तर त्या रुबाबांत जन्मसिद्ध असें काय उरलें? विली निंजा फॅशनच्या मासिकांतील ललनांच्या ऐटी घेऊन ‘वोग’ नृत्य करतात, तेव्हां त्या ऐटीचें मोल वाढतें आणि तिचें पितळही उघडें पडतें. आनंद व निषेध येथें एकाच पावलांत आहेत.

मात्र निषेधानें पोट भरत नाहीं. घर, लग्न आणि पांढरा वधूवेष यांचीं स्वप्नें सांगणारी व्हीनस एक्स्ट्रावगॅंझा ही तरुणी चित्रण पुरें होण्यापूर्वींच, १९८८ सालीं, मारली गेली. तिच्या ‘आई’नें तें वृत्त शांतपणें सांगावें आणि आपण तें पुढील दृश्याच्या ओघांत ऐकावें, ही रचना आम्हांस खटकली. येथें चित्रपटानें थांबावयास हवें होतें.

दुसरा प्रश्न पैशाचाच. चित्रपट गाजला, आणि त्यांत दिसणाऱ्या कित्येकांनीं आपला वांटा मागितला. अखेर १३ जणांत मिळून सुमारें ५५,००० डॉलर वांटले गेले. माहितीपटांत मोबदला देण्याची रीत नव्हती, हें खरें. परंतु ज्या माणसांच्या वाणीनें, विनोदानें आणि दुःखानें ही कृति जिवंत झाली, त्यांना रीतीचें उत्तर पुरेसें वाटलें नाहीं, यांत नवल तें काय?

इतकें असूनही हा चित्रपट अवश्य पाहावा, असेंच आम्ही म्हणूं. म्हण खोटी ठरत नाहीं. पहांटे पोशाख उतरतो आणि दारिद्र्य तसेंच असतें. परंतु रात्रभर तें सोंग पाहिल्यावर, दिवसा श्रीमंती मिरविणारेही एक सोंगच घेऊन हिंडत आहेत कीं काय, असा संशय मनांत रुजतो. हा संशय रुजविणें हीच त्या कलावंतांची खरी कमाई होय; तिचा वांटा मात्र त्यांनीं आपणां सर्वांस मुक्तहस्तें दिला आहे.