'ओन्ली' आणि आपला 'च'

इंग्रजींतील 'ओन्ली' या क्रियाविशेषणाला मराठी प्रतिशब्द कोणता, असें विचारतांच 'फक्त' हें उत्तर येतें. तें चूक नाहीं, पण अपुरें आहे. आणि या अपुरेपणामुळें आपल्या भाषांतरांतील पुष्कळ वाक्यें मराठी शब्दांचीं असूनहि परकीं वाटतात.

या अर्थाच्या शब्दांचा इतिहास अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, या एका जिल्ह्यांतहि वाचतां येतो. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें नेवासें येथें 'ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली, 'च'चें जुनें रूप 'चि' तिच्यांत पदोपदीं भेटतें. १४९० मध्यें निजामशाही उभी राहिली. अशाच फारसी दफ्तरांच्या राज्यांतून मूळचा अरबी 'फक्त' मराठींत रुळला. रकमेपुढें तो लिहिला म्हणजे पुढें भर घालण्यास जागा उरत नाहीं. धनादेशावर आजहि तो हेंच काम करतो. १८४२ मध्यें अमेरिकन मिशनऱ्यांचें 'ज्ञानोदय' पत्र नगरास निघालें, आणि मराठी गद्याला इंग्रजी वाक्यरचनेचा शेजार घडूं लागला.

आतां 'रामानें रविवारीं बहिणीला पत्र लिहिलें' हें वाक्य घ्यावें. 'रामानेंच' म्हटलें कीं इतर माणसें वगळलीं. 'रविवारींच' म्हटलें कीं इतर वार. 'बहिणीलाच' म्हटलें कीं इतर नातलग. 'लिहिलेंच' म्हटल्यास वगळणें संपून निश्चय आला. 'च' ज्याला चिकटतो त्याचाच होतो. इंग्रज मात्र 'ओन्ली' बहुधा क्रियापदाआधीं ठेवतो व आपला रोख आवाजानें दाखवितो. छापील पानाला आवाज नसतो. म्हणून मूळ लेखकाला काय वगळावयाचें आहे, हें भाषांतरकारानें आधीं ठरविलें पाहिजे. वाक्यारंभीं 'फक्त' टाकून मोकळें होणें म्हणजे तो निर्णय वाचकावर ढकलणें होय.

कित्येकदां तर वगळण्याचा प्रश्नच नसतो. 'तो कालच आला' म्हणजे येऊन फार वेळ झाला नाहीं. 'तो फक्त काल आला' म्हणजे इतर दिवशीं आला नाहीं. 'फक्त पाणी दिलें' ही नोंद आहे. 'नुसतें पाणी दिलें' ही तक्रार आहे. 'केवळ अशक्य' यांत मर्यादा नसून पूर्णता आहे. 'मात्र' तर याहून विलक्षण: 'क्षणमात्र' म्हणतांना तो काळ आंखडतो, 'प्राणिमात्र' म्हणतांना एकहि जीव बाहेर ठेवीत नाहीं, आणि 'मी मात्र गेलों नाहीं' यांत विरोध दाखवितो. इतक्या छटा हाताशीं असतां एकाच शब्दावर गुजराण करणें हें दारिद्र्य नव्हे, आळस आहे.

आपल्यांतील कोणी इंग्रजी बोलतांना 'टुडे ओन्ली' म्हणाला कीं आपण हंसतों. तो बिचारा 'आजच'मधील 'च' परभाषेंत नेत असतो. याच्या उलट खटाटोप करून कोणी 'तो फक्त काल आला' असें छापलें, तर मात्र कोणी हंसत नाहीं. परभाषेंतील चूक टिपणारा कान स्वभाषेविषयीं इतका उदार कां असावा? हस्तलिखित तपासतांना प्रत्येक 'फक्त'पाशीं थांबून, येथें 'च' पुरला असता काय, एवढें विचारलें तरी पुष्कळ वाक्यें मराठीच्या वळणावर येतील.