काष्टीचा मुलूख व निपानें : एका ग्रंथाचें परीक्षण

हायडेलबर्गचे प्रो. गुंथर सोन्थायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील जर्मन ग्रंथ १९७६ त प्रसिद्ध झाला, डॉ. अ‍ॅन फेल्डहाउस यांचें इंग्रजी भाषांतर १९८९ त निघालें. धनगरांच्या ओव्या प्रत्यक्ष ऐकून त्या लेखी साधनांशीं ताडण्याचा ग्रंथकर्त्याचा परिश्रम निःसंशय स्तुत्य आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील अल्पवृष्टीचें पठार ही पशुपालांच्या देवतांची भूमि होय, हा सिद्धान्तही आम्हांस मान्य आहे.

मात्र पर्जन्यमानावरून चराऊ रान कोणतें एवढेंच कळतें. कळपाची वाट उन्हाळ्यांतील पाणवठ्यांवरून ठरते, व त्यांचा विचार ग्रंथांत गौण राहिला आहे. अमरकोशांत नदीमातृक व देवमातृक हे देशभेद धान्यास मिळणाऱ्या पाण्यावरून केले आहेत; परंतु विहिरीजवळच्या गुरें पाजण्याच्या जलाशयास 'निपान' व 'आहाव' अशीं स्वतंत्र नांवें आहेत. श्रीगोंदें तालुक्यांतील काष्टी पाहावी. पाऊस तुटपुंजा, पण घोड-भीमेचा संगम फार दूर नाहीं; आणि येथील गुरांचा बाजार सर्वत्र प्रसिद्ध आहे. आज घोड धरणाच्या कालव्यामुळें या भागांत ऊंस उभा दिसतो. जुना कोरडा मुलूख आतां कागदांतच शोधला पाहिजे.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, विहिरी, हाळ, डोणी व गायरानें यांविषयींचे महजर आणि निवाडे क्षुल्लक समजून रद्दींत घालूं नयेत. ग्रंथकर्त्यानें ओव्या राखल्या; कागद राखणें आपल्याकडे आहे.