जवळा नकाशात कुठे बसतो?

नकाशांच्या पुस्तकाची समीक्षा सहसा कुणी करत नाही. 'इंटरनॅशनल इंडियन ओशन एक्स्पिडिशन प्लँक्टन ॲटलास'ची मात्र करायला हवी. १९६८ पासून खंडाखंडाने निघालेल्या या कामात गोष्ट नाही, पात्रं नाहीत. तरी मोजायचं कसं हे ठरवताना काय दिसणार आणि काय निसटणार, हेही त्यात ठरून जातं.

१९६०च्या दशकात बऱ्याच देशांची जहाजं हिंदी महासागरात प्लवक गोळा करत फिरली. आपल्या नौदलाचं 'किस्तना' त्यात होतं. अमेरिकेचं 'अँटन ब्रून' तर पूर्वी राष्ट्राध्यक्षांची नौका होती. प्रत्येकाचं जाळं वेगळं असतं, तर आकडे जुळलेच नसते. म्हणून रोनाल्ड करी यांनी आखलेलं जाळं प्रमाण मानलं गेलं: तोंड १ चौरस मीटर, आस ०.३३ मिलिमीटर, आणि २०० मीटर खोलीवरून सरळ वर ओढायचं. नमुन्यांची निवड कोचीच्या केंद्रात झाली.

आधी फॉरमॅट एक करा, मग डेटा गोळा करा. कोड लिहिणाऱ्या कुणालाही ही शिस्त पटेल. ॲटलासची खरी ताकद तीच आहे.

त्याची मर्यादाही तिथेच आहे. मुंबई-रायगडसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. तिच्यावर २०० मीटर पाणीच नाही. ५० मीटर पाण्यात तेच जाळं चौथा हिस्सा पाणी गाळतं. म्हणजे 'एका ओढीत इतके मिलिलिटर' हा आकडा खोल समुद्रात एक सांगतो, आपल्या किनाऱ्यावर दुसरंच.

खांब-कोलाडकडे पावसाळ्यात भाकरीबरोबर जो सुका जवळा असतो, तोही प्लवकच: प्रवाहाबरोबर वाहणारी इवलीशी कोळंबी. तो किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात राहतो. कोळी त्याच्यामागे जाळं ओढत नाहीत. डोल एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच त्यात जवळा आणून भरते. जहाजाचं जाळं पाण्यातून जातं, डोलीतून पाणी जातं. मोजण्याच्या या दोन रीती आहेत, आणि नकाशात पहिलीच उतरली.

म्हणून ॲटलास खोटा ठरत नाही. आपण जाळं कोणतं वापरलं, किती खोल सोडलं, हे सांगणारं पुस्तक प्रामाणिकच म्हणायला हवं. प्रश्न वाचणाऱ्याचा आहे. किनाऱ्यावरच्या मासेमारीबद्दल आज आपण डॅशबोर्ड पाहून बोलतो, तेव्हा रंग बघण्याआधी जाळ्याचा आस विचारायला हवा. नाहीतर ताटात रोज असलेली गोष्ट समुद्रात नाहीच, असं आपण नकाशा दाखवून कुणालातरी पटवून देऊ.